जमिनीवरच्या प्रक्षेपकावरून डिजिटल टीव्ही : अँटेनापासून ट्यूनिंगपर्यंत

प्रादेशिक प्रक्षेपकावरून येणारी डिजिटल दूरचित्रवाणी घरी घ्यायची म्हटले की बहुतेक जण आधी अँटेना विकत आणतात, ती खिडकीशी धरून पाहतात, चित्र आले तर तिथेच खिळा ठोकतात आणि नाही आले तर सिग्नल वाढवणारा बूस्टर आणायला निघतात. हा क्रम उलटा आहे. आधी प्रक्षेपकाची माहिती, मग घर आणि प्रक्षेपक यांमधली वाट, त्यानंतर अँटेना, केबल आणि सर्वांत शेवटी ट्यूनिंग, अशा क्रमाने गेल्यास अनावश्यक वस्तू विकत घेतल्या जात नाहीत आणि बिघाड झाला तर तो नेमका कुठे शोधायचा हेही कळते.

नवख्या माणसाने एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्यावी. अ‍ॅनालॉग काळात सिग्नल क्षीण झाला की पडद्यावर मुंग्या दिसत, डोंगरावरून किंवा इमारतीवरून परावर्तित लहर आली की चित्राशेजारी त्याची सावली उमटे, आणि त्यावरून अँटेना कुठे कमी पडते याचा अंदाज येई. डिजिटल प्रक्षेपणात ही सूचना मिळत नाही. चुका दुरुस्त करणारे संकेतन जोपर्यंत पुरे पडते तोपर्यंत चित्र निर्दोष दिसते, आणि ते अपुरे पडले की चित्राचे चौकोन फुटतात, आवाज तुटतो आणि थोड्याच फरकात पडदा काळा होतो. उत्तम चित्र आणि काहीच नाही यांमधले अंतर अनेकदा अवघे एक-दोन डेसिबल (सिग्नलची घट-वाढ मोजण्याचे एकक) असते. त्यामुळे चित्र दिसणे ही काम पूर्ण झाल्याची खूण मानता येत नाही. चित्र तुटण्याच्या उंबरठ्यापासून आपला सिग्नल किती वर आहे, म्हणजे आपल्याकडे राखीव किती आहे, हा खरा प्रश्न आहे, आणि पुढची प्रत्येक पायरी त्या राखीवासाठीच आहे.

पहिली पायरी : प्रक्षेपकाची माहिती जमवणे

आपल्या भागासाठी कोणता प्रक्षेपक आहे, तो नकाशावर कुठे आहे, किती शक्तीने प्रक्षेपण करतो, कोणत्या वारंवारतांवर करतो, लहरींचे ध्रुवण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, आडवे आहे की उभे, आणि कोणते मानक वापरले जाते, एवढी माहिती प्रसारण संस्था किंवा त्या देशाची दूरसंचार नियामक संस्था सहसा जाहीर करते. ती कागदावर लिहून घ्यावी, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तिची गरज पडते.

यातला सर्वांत गोंधळाचा भाग म्हणजे वाहिनी आणि वारंवारता यांतला फरक. डिजिटल प्रक्षेपणात एका वारंवारतेवर एकच कार्यक्रम नसतो. अनेक वाहिन्या, आकाशवाणीसारख्या केवळ ध्वनीच्या सेवा आणि कार्यक्रमपत्रिकेची माहिती एकत्र गुंफून एकाच रेडिओ वाहिनीतून पाठवली जाते. या गठ्ठ्याला मल्टिप्लेक्स म्हणतात. त्याची रुंदी देशानुसार ६, ७ किंवा ८ मेगाहर्ट्झ असते. म्हणून वीस-पंचवीस कार्यक्रम दिसत असले तरी प्रत्यक्षात आपण तीन किंवा चार वारंवारताच घेत असतो. याचा व्यवहारातला उपयोग मोठा आहे: काही ठरावीक वाहिन्या एकदमच गायब झाल्या तर त्या बहुधा एकाच मल्टिप्लेक्समधल्या असतात, आणि तपासायची असते ती तेवढी एक वारंवारता. एकाच मनोऱ्यावरची सगळी मल्टिप्लेक्स समान शक्तीची असतात असेही गृहीत धरू नये. शिवाय प्रसारक ज्या मल्टिप्लेक्समध्ये जास्त माहिती कोंबतो, त्याला अधिक स्वच्छ सिग्नल लागतो. त्यामुळे शेजारच्या दोन वारंवारतांपैकी एक व्यवस्थित येते आणि दुसरी तुटते, हे नेहमीचे दृश्य आहे.

मानकाची खात्री विकत घेण्याच्या आधी करावी. युरोपात तसेच आशिया आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांत डीव्हीबी-टी किंवा त्याची पुढची पिढी डीव्हीबी-टी२ वापरली जाते. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि दक्षिण कोरियात एटीएससी आहे, जपानमध्ये आयएसडीबी-टी आहे आणि त्याचीच सुधारित आवृत्ती ब्राझीलसह दक्षिण अमेरिकेच्या बहुतेक भागात चालते. चीनने स्वतःचे डीटीएमबी हे मानक निवडले. ही मानके एकमेकांशी जुळत नाहीत. एका देशातून आणलेला संच दुसऱ्या देशात अँटेना कितीही चांगली असली तरी काही दाखवणार नाही. डीव्हीबी-टी२ चा ट्यूनर, म्हणजे संचातला वारंवारता निवडून घेणारा भाग, साधारणपणे जुने डीव्हीबी-टी प्रक्षेपणही घेतो, पण जुना डीव्हीबी-टी ट्यूनर टी२ घेऊ शकत नाही. तो त्या वारंवारतेवर सिग्नलची ताकद दाखवील, मात्र वाहिनी एकही सापडणार नाही.

एवढ्यावर भागत नाही, कारण चित्र कोणत्या पद्धतीने संकुचित केले आहे तेही पाहावे लागते. जर्मनीने २०१७ साली टी२ कडे जाताना त्यासोबत एचईव्हीसी ही संकोचन पद्धत स्वीकारली, आणि त्यामुळे टी२ चा ट्यूनर असूनही एचईव्हीसी न समजणारे संच तिथे निरुपयोगी ठरले. अशा संचावर वाहिनीचे नाव येते, कधी आवाजही येतो आणि चित्र मात्र येत नाही. हा दोष अँटेनाचा नाही हे ओळखता आले तर छपरावर चढण्याचे श्रम वाचतात. संच जुना असला तरी तो टाकून देण्याचे कारण नाही, योग्य मानकाचा वेगळा सेट-टॉप बॉक्स जोडून तो चालवता येतो.

दुसरी पायरी : लहरींची वाट तपासणे

दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. वातावरण त्यांना किंचित वाकवते, त्यामुळे त्यांचे क्षितिज डोळ्यांना दिसणाऱ्या क्षितिजापेक्षा थोडे लांब असते. ढोबळ हिशेब असा करतात: उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्याला ४.१२ ने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. प्रक्षेपकाचे आणि अँटेनाचे असे दोन्ही आकडे मिळवायचे. भोवतालच्या जमिनीपासून २०० मीटर उंचीवर प्रक्षेपक असेल तर त्याचे अंतर सुमारे ५८ किलोमीटर, आणि १० मीटर उंचीवरच्या अँटेनाचे सुमारे १३ किलोमीटर, म्हणजे सपाट प्रदेशात दोघांची दृष्टभेट साधारण ७१ किलोमीटरपर्यंत होऊ शकते. हा हिशेब सपाट जमिनीचा आहे. मध्ये एखादी टेकडी आली तर वीस किलोमीटरवरचा प्रक्षेपकही मिळणार नाही, आणि घर उंचावर असेल तर नव्वद किलोमीटरवरचाही मिळू शकेल. डोंगराच्या कडेवरून लहरी थोड्या खाली वळतात खऱ्या, पण वारंवारता जितकी जास्त तितके हे वळणे कमी होते.

दिशा काढताना नकाशावर घर आणि प्रक्षेपक यांना जोडणारी रेषा ओढावी आणि तिचा उत्तरेपासूनचा कोन मोजावा. इथे एक बारीक खोच आहे. नकाशावरची उत्तर ही भौगोलिक उत्तर असते आणि होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवते. या दोहोंतला फरक काही प्रदेशांत नगण्य तर काही प्रदेशांत दहा अंशांहूनही जास्त असतो. लोखंडी मास्टजवळ, म्हणजे अँटेनाच्या खांबाजवळ, धरलेले होकायंत्र तर बेभरवशाचेच. त्यापेक्षा त्या रेषेवर येणारी एखादी ठळक खूण, जसे पाण्याची टाकी, मंदिराचा कळस किंवा टेकडीचे टोक, नकाशावर हेरून तिच्याकडे अँटेना वळवणे अधिक सोपे आणि अचूक ठरते.

जिथे मुख्य प्रक्षेपक पोहोचत नाही तिथे दरीत किंवा गावाजवळ लहान रिले प्रक्षेपक उभारलेले असतात. जवळचा रिले आणि दूरचा मुख्य प्रक्षेपक या दोन्हींचा पर्याय असेल तर अंतरापेक्षा मोकळ्या वाटेला महत्त्व द्यावे. मात्र लहान प्रक्षेपकावर सगळी मल्टिप्लेक्स असतीलच असे नाही, हे पहिल्या पायरीतल्या यादीवरून पडताळून घ्यावे. झाडांकडेही लक्ष द्यावे. पानगळीच्या दिवसांत बसवलेली अँटेना समोरच्या झाडांना पालवी फुटल्यावर कमी पडू लागते, आणि पावसात भिजलेली दाट पाने तर अतिउच्च वारंवारतेच्या लहरी बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात.

काही प्रदेशांत अनेक प्रक्षेपक मुद्दाम एकाच वारंवारतेवर, एकाच वेळी तोच मजकूर पाठवतात. अ‍ॅनालॉग पद्धतीत हा गोंधळ झाला असता, पण डीव्हीबी आणि आयएसडीबी पद्धतींत माहिती हजारो उपवाहकांवर वाटलेली असते आणि प्रत्येक संकेतापूर्वी थोडा संरक्षक काळ सोडलेला असतो. त्या काळात पोहोचलेली उशिराची लहर चित्र बिघडवत नाही. डीव्हीबी-टीच्या ८के नावाच्या प्रकारात हा काळ जास्तीत जास्त २२४ मायक्रोसेकंद असतो, म्हणजे मार्गांतला सुमारे ६७ किलोमीटरचा फरक चालून जातो. अशा जाळ्यात दोन प्रक्षेपकांच्या मधोमध राहणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही, तरीही अँटेना एकाच प्रक्षेपकाकडे नीट रोखणे केव्हाही चांगले.

तिसरी पायरी : अँटेना निवडणे

अँटेनाला डिजिटल किंवा अ‍ॅनालॉग असे काही कळत नाही, तिला फक्त वारंवारता कळते. त्यामुळे खोक्यावर छापलेल्या ‘एचडी अँटेना’, ‘फोर-के अँटेना’ अशा शब्दांना काही अर्थ नाही. जुन्या काळची अँटेना योग्य पट्ट्याची आणि सुस्थितीत असेल तर तीही चालते. निवड करायची ती पट्ट्यानुसार. जगात बहुतेक ठिकाणी डिजिटल दूरचित्रवाणी अतिउच्च वारंवारतेच्या पट्ट्यात आहे. तो ४७० मेगाहर्ट्झपासून सुरू होतो आणि युरोपात आता ६९४ मेगाहर्ट्झपर्यंत, तर अमेरिकेत ६०८ मेगाहर्ट्झपर्यंत जातो. काही प्रसारक याशिवाय १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे खालचा पट्टाही वापरतात. दांड्यांच्या लांबीवरून अँटेना कोणत्या पट्ट्याची आहे हे ओळखता येते: ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते आणि मुख्य दांडी तिच्या साधारण निम्मी असते. ६०० मेगाहर्ट्झसाठी ही दांडी सुमारे २५ सेंटिमीटर, तर २०० मेगाहर्ट्झसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर भरते. तळहाताएवढ्या चपट्या अँटेनाकडून खालचा पट्टा नीट मिळण्याची अपेक्षा का धरू नये, ते यावरून कळते.

पट्ट्याची वरची मर्यादा पाहण्यालाही कारण आहे. जुन्या अँटेना ८०० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत घेण्यासाठी बनवलेल्या असत. पण त्या वरच्या वारंवारता गेल्या काही वर्षांत अनेक देशांत मोबाइल सेवांना दिल्या गेल्या आहेत. जवळ मोबाइलचा मनोरा असेल तर जुनी अँटेना त्याचाही सिग्नल आत ओढते आणि ट्यूनर किंवा बूस्टर गुदमरतो. यावर फोर-जी किंवा फाइव्ह-जी फिल्टर मिळतो. तो अँटेना आणि बूस्टर यांच्या मध्ये, म्हणजे बूस्टरच्या आधी लावावा लागतो.

प्रकारांत यागी ही सर्वांत परिचित: एका आडव्या दांड्यावर ओळीने लहान दांड्या, मागे परावर्तक. तिचा लहान दांड्यांचा निमुळता शेंडा प्रक्षेपकाकडे असतो. लॉग-पीरिऑडिक अँटेना तिच्यासारखीच दिसते, वाढीव ताकद कमी देते, पण संपूर्ण पट्ट्यात सारखी वागते, आणि चांगल्या सिग्नलच्या भागात तीच माझ्या मते जास्त शहाणपणाची निवड आहे. जाळीचा परावर्तक असलेली सपाट पॅनेल अँटेना रुंद कोनातून घेते आणि दाट झाडीमागे किंवा अनेक परावर्तनांच्या ठिकाणी उपयोगी पडते. खोक्यावर लिहिलेले डेसिबलचे आकडे जपून वाचावेत. डीबीआय आणि डीबीडी या दोन मोजपट्ट्यांत २.१५ डेसिबलचा फरक आहे, त्यामुळे एकाच अँटेनाचा आकडा डीबीआयमध्ये मोठा दिसतो. चाळीस-पन्नास डेसिबलचा दावा असेल तर त्यात आतल्या बूस्टरची भर घातलेली आहे असे निश्चित समजावे. कोणतीही घरगुती अँटेना स्वतःहून एवढी वाढ देत नाही.

घरातली अँटेना ही तडजोड आहे. सळ्यांचे काँक्रीट, पत्र्याचे छप्पर आणि उष्णता रोखण्यासाठी धातूचा पातळ थर दिलेली काच, या तिन्ही गोष्टी लहरी अडवतात. प्रक्षेपक जवळ आणि खिडकी त्याच्याकडे असेल तर जरूर करून पाहावे, आणि तशा वेळी अँटेना हातभर इकडेतिकडे सरकवून पाहावी, कारण भिंतींवरच्या परावर्तनांमुळे खोलीत काही ठिकाणी सिग्नल जोरकस आणि अगदी शेजारी क्षीण असतो.

चौथी पायरी : उभारणी

छपरावर काम करण्याआधी वीजवाहिन्या पाहाव्यात. मास्ट कोणत्याही बाजूला कोसळला तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर असलेच पाहिजे, नसेल तर ती जागाच बाद करावी. ओल्या किंवा उतरत्या छपरावर, वाऱ्यात किंवा एकट्याने काम करू नये. धातूचा मास्ट आणि केबलचे आवरण यांचे अर्थिंग स्थानिक नियमांनुसार जाणकार वीजतंत्रज्ञाकडून करून घ्यावे. अर्थिंगमुळे साचलेला भार आणि जवळपास पडलेल्या विजेने केबलमध्ये उद्भवणारा दाब यांचा धोका कमी होतो, पण थेट विजेपासून संच वाचण्याची हमी मिळत नाही, म्हणून वादळात केबल संचापासून काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय आहे.

ध्रुवण विसरू नये. प्रक्षेपण आडव्या ध्रुवणाचे असेल तर अँटेनाच्या लहान दांड्या जमिनीला समांतर हव्यात, उभ्या ध्रुवणाचे असेल तर त्या उभ्या. चुकीच्या ध्रुवणाने सिग्नल वीस डेसिबलपर्यंत, म्हणजे शंभरातला एक भाग उरेल इतका, घटू शकतो. शेजाऱ्यांच्या अँटेना पाहून दिशा आणि ध्रुवण ठरवणे ही प्रचलित युक्ती आहे आणि ती पडताळणीसाठी वाईट नाही, पण त्या अँटेना कदाचित बंद झालेल्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपकाकडे पाहत उभ्या असतील.

पाचवी पायरी : केबल

खर्च वाचवण्याची ही जागा नव्हे. ७५ ओहमची, तांब्याच्या मधल्या तारेची, संपूर्ण पन्नी आणि दाट जाळी अशी दुहेरी ढाल असलेली कोअ‍ॅक्सियल केबल घ्यावी. आरजी-६ जातीच्या चांगल्या केबलमध्ये या पट्ट्यात १०० मीटरला साधारण १८ ते २० डेसिबल घट होते. तीन डेसिबल घट म्हणजे शक्ती निम्मी. म्हणजे १५ मीटर केबलमध्येच मिळवलेल्या शक्तीचा जवळजवळ अर्धा भाग जातो. विरळ जाळीची पातळ केबल याहून जास्त खाते आणि घरातल्या स्वस्त एलईडी दिव्यांचा, चार्जरचा आणि मोटारींचा विद्युत गोंगाट आत शिरू देते. पंखा किंवा दिवा लावताच चित्र तुटत असेल तर संशय आधी केबलच्या ढालीवर आणि कनेक्टरवर घ्यावा.

कनेक्टर एफ प्रकारचे, शक्यतो दाबून बसवायचे असावेत. जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकला तर सिग्नल जवळजवळ संपतो, आणि हा दोष बाहेरून दिसत नाही. केबल काटकोनात मोडू नये. बाहेरचे जोड पाणीरोधक टेपने बंद करावेत आणि केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी तिथून ठिबकेल. पाणी शिरलेली केबल वाळवून पूर्ववत होत नाही, ती बदलावी लागते.

एकाहून अधिक संच जोडायचे असल्यास स्प्लिटर लागतो. दोन वाटांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक वाटेला सुमारे साडेतीन ते चार डेसिबल घट येते, चार वाटांच्या स्प्लिटरमध्ये सात ते आठ. न वापरलेल्या वाटेवर ७५ ओहमची टोपी लावावी.

सहावी पायरी : बूस्टर, पण गरज असली तरच

बूस्टर सिग्नल वाढवतो तेव्हा त्याच्यासोबत आलेला गोंगाटही तेवढाच वाढवतो आणि वर स्वतःचा थोडा घालतो. अँटेनाने जे पकडलेच नाही ते बूस्टर निर्माण करू शकत नाही. त्याचे खरे काम केबल आणि स्प्लिटर यांतली घट भरून काढणे हे आहे, आणि म्हणूनच त्याची जागा मास्टवर, अँटेनाच्या लगत असते. संचाच्या मागे लावलेल्या बूस्टरपर्यंत सिग्नल येतो तेव्हा केबलची घट होऊन गेलेली असते आणि गोंगाटाच्या तुलनेत तो आधीच घसरलेला असतो.

मास्टवरच्या बूस्टरला वीज केबलमधूनच पुरवतात, बहुधा १२ किंवा २४ व्होल्ट. काही कमी शक्तीचे बूस्टर संचाच्या अँटेना खोबणीतून मिळणाऱ्या ५ व्होल्टवर चालतात, पण त्यासाठी संचाच्या मांडणीत (सेटिंग्जमध्ये) ‘अँटेना पॉवर’ चालू करावे लागते. वाटेतला स्प्लिटर वीज पुढे जाऊ देणारा नसेल तर बूस्टर बंद राहतो, आणि बंद बूस्टर सिग्नल वाढवत नाहीच, उलट अडवतो. प्रक्षेपक जवळ असताना बूस्टर लावणे हे तर सरळ नुकसान आहे: ट्यूनर अतिभाराने विकृती निर्माण करतो आणि ताकद भरपूर असूनही चित्र तुटते. मापनयंत्र उपलब्ध असेल तर संचाच्या खोबणीत साधारण ४५ ते ७० डेसिबल मायक्रोव्होल्ट पातळी असावी, हे लक्षात ठेवावे.

सातवी पायरी : ट्यूनिंग आणि अँटेना रोखणे

संचाच्या मांडणीत देश योग्य निवडावा, कारण वाहिन्यांची रुंदी आणि क्रमांक त्यावर ठरतात, आणि स्रोत म्हणून केबलऐवजी अँटेना निवडावा. स्वयंचलित शोध लगेच चालवू नये. आधी हस्तचलित ट्यूनिंगमध्ये जाऊन यादीतल्या सर्वांत कमी शक्तीच्या मल्टिप्लेक्सची वारंवारता किंवा तिच्या रेडिओ वाहिनीचा क्रमांक द्यावा. युरोपीय पद्धतीत अतिउच्च पट्ट्यातल्या क्रमांकाला ८ ने गुणून ३०६ मिळवले की मध्य वारंवारता येते: क्रमांक २१ म्हणजे ४७४ मेगाहर्ट्झ, क्रमांक ४८ म्हणजे ६९० मेगाहर्ट्झ.

आता पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील, एक ताकदीची आणि एक गुणवत्तेची. लक्ष गुणवत्तेकडे द्यावे. अँटेना थोडी वळवावी, काही सेकंद थांबावे, कारण आकडे उशिरा बदलतात, आणि मग पुन्हा थोडी वळवावी. गुणवत्ता घसरू लागते ते डावीकडचे आणि उजवीकडचे टोक शोधून अँटेना त्यांच्या मधोमध कसावी. शिखर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा ही रीत अधिक अचूक आहे. त्यानंतर उरलेली मल्टिप्लेक्स एकेक करून पाहावीत आणि एखादे फारच मागे पडत असेल तर त्याच्यासाठी किंचित तडजोड करावी. उंचीतही हातभर वर-खाली करून पाहावे. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर मूळ लहरीला काही उंचीवर मारते आणि काही उंचीवर जोर देते, त्यामुळे अधिक उंच म्हणजे नेहमीच अधिक चांगले असे होत नाही.

दोन पट्ट्यांच्या जोडीवरून निदान करता येते. दोन्ही खाली असतील तर अँटेना, दिशा, ध्रुवण किंवा केबल यांत दोष आहे. ताकद जास्त आणि गुणवत्ता कमी असेल तर अतिभार, मोबाइलचा उपद्रव, परावर्तने किंवा मानकाची विसंगती, यांपैकी काहीतरी असते. अशा वेळी बूस्टर काढून पाहणे हा पहिला प्रयोग. ताकद कमी पण गुणवत्ता पूर्ण असेल तर सध्या काही करू नये. या पट्ट्यांची टक्केवारी प्रत्येक उत्पादक आपापल्या पद्धतीने ठरवतो, म्हणून दोन वेगळ्या संचांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

सगळे बसल्यावर स्वयंचलित शोध चालवावा. संच अधूनमधून दुसऱ्याच प्रदेशाचा दूरचा प्रक्षेपक आधी पकडतो आणि आपल्या प्रादेशिक वाहिन्या यादीच्या तळाशी, आठशेच्या पुढच्या क्रमांकांवर टाकतो. तसे झाल्यास यादी पूर्ण पुसून फक्त आपल्या प्रक्षेपकाच्या वारंवारता हस्तचलित पद्धतीने घालाव्यात.

आठवी पायरी : राखीव तपासणे

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. अँटेनाच्या वाटेत, संचाजवळ, ६ डेसिबलचा, म्हणजे सिग्नल मुद्दाम तेवढा घटवणारा, अ‍ॅटेन्युएटर लावावा. तो नसेल तर दोन वाटांचा स्प्लिटर घालून त्याची दुसरी वाट टोपीने बंद करावी. त्याने साडेतीन-चार डेसिबल कमी होतात. मग प्रत्येक मल्टिप्लेक्सवरची एक वाहिनी काही मिनिटे पाहावी. चित्र तसेच राहिले तर तेवढी राखीव आपल्याकडे आहे. एखादे मल्टिप्लेक्स तुटले तर ते आज स्वच्छ दिसत असले तरी पालवी, पाऊस किंवा केबलचे वय यांतले काहीही त्याला खाली खेचील, आणि त्यासाठी मोठी अँटेना, चांगली जागा किंवा मास्टवरचा बूस्टर यांचा विचार आताच करावा. अ‍ॅटेन्युएटर लावल्यावर चित्र सुधारले तर उत्तर मिळालेच: सिग्नल गरजेपेक्षा जास्त आहे, आणि बूस्टर असेल तर तो काढायला हवा.

मल्टिप्लेक्सनिहाय गुणवत्तेचे आकडे, अँटेनाची दिशा आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून संचामागे चिकटवून ठेवावी. काही महिन्यांनी चित्र तुटू लागले की हेच आकडे पुन्हा पाहायचे. सगळी मल्टिप्लेक्स सारखीच घसरली असतील तर अँटेना वळली आहे किंवा जोडात पाणी शिरले आहे. जास्त वारंवारतेचीच घसरली असतील तर केबल खराब होत आहे. एकच गायब असेल तर प्रसारकाने वारंवारता बदलली असण्याची किंवा प्रक्षेपक दुरुस्तीसाठी बंद असण्याची शक्यता जास्त, आणि तेव्हा छपरावर जाण्याआधी प्रसारकाची सूचना पाहून पुन्हा शोध चालवावा.

एका प्रसंगात मात्र काहीही हलवू नये. हवेचा दाब जास्त, आकाश स्वच्छ आणि वारा पडलेला असताना, विशेषतः समुद्राजवळ, वातावरणात थंड हवेवर उष्ण हवेचा थर बसतो आणि लहरी त्याखालून शेकडो किलोमीटर जातात. त्या वेळी त्याच वारंवारतेवरचा दूरचा प्रक्षेपक आपल्या सिग्नलवर चढतो आणि उत्तम बसवलेली अँटेनासुद्धा चित्र देत नाही. हे काही तास, क्वचित दोन-तीन दिवस चालते. अशा वेळी अँटेना फिरवणारा आणि संचाचा नवा शोध चालवणारा माणूस हवामान बदलल्यावर चुकीच्या दिशेची अँटेना आणि परक्या वाहिन्यांची यादी घेऊन बसतो. जुनी यादी तशीच ठेवून थांबावे, आणि हवा पालटल्यावरही चित्र परतले नाही तर चिठ्ठीवरच्या आकड्यांपासून तपासणी सुरू करावी.